समोर कोणी नव्हतं

बाजारात तिला सगळे टाचणीताई म्हणत. गाड्यांच्या सीटा शिवणं हा तिचा धंदा, आणि ओठांत टाचण्या धरून बोलणं ही तिची खोड. नव्या गिऱ्हाइकाला वाटे, बाईला बोलायला त्रास होतो. जुन्यांना ठाऊक होतं, टाचण्या तोंडात आहेत तोवर आपण सुरक्षित आहोत. राग आला की ती एकेक टाचणी काढून मनगटावरच्या गादीत खोची आणि मग तोंड उघडी. शेवटची टाचणी निघायच्या आत शहाणी माणसं काढता पाय घेत.

त्या दिवसांत टाचण्या तोंडात टिकतच नव्हत्या.

"नाही म्हणजे काय नाही?" ती फोनवर ओरडत होती. "रस्त्यात दुसरं काही दिसायचं नाही, इतक्या होत्या. आणि आता एक नाही म्हणता?"

पलीकडे जुन्या गाड्यांचा दलाल होता. "ताई, ते मॉडेलच बंद झालं. कंपनीने हात वर केले. दोन गाड्यांची जागा खाते, तेल पिते, पार्ट मिळत नाही. कोण ठेवेल? दुसरी दाखवू? लहान आहे, पण गुणी आहे."

"मला गुणी नको. तीच पाहिजे."

"असं काय आहे तिच्यात?"

"तिच्यात बसलं की पुढचं दिसत नाही. ते आहे."

दलाल हसला. त्याला वाटलं, थट्टा चालली आहे. तिने फोन आपटला.

ती गाडी म्हणजे चाकांवरचं कपाट. बाजारात तिला कपाटच म्हणायचे. शेजारी उभं राहिलं तर बॉनेट चांगल्या उंच माणसाच्या छातीला लागे. आत चढायला पायरी होती आणि पायरीवर चढायला हिंमत. एके काळी ज्याच्याकडे कपाट नाही तो माणूसच नाही, असे दिवस होते. अरुंद रस्त्यात दोन कपाटं समोरासमोर आली की दोन्ही मालक काच खाली करत. आधी मागे कोणी जायचं यावर खानदानं निघत आणि मागच्या सगळ्यांचा दिवस बरबाद होई.

टाचणीताईचं दुकान त्या कपाटांवरच चाललं होतं. त्यांच्या सीटा मोठ्या, काम जास्त. शिवाय एक खास काम होतं. दर थोड्या दिवसांनी कोणीतरी येऊन दारात घुटमळे. "ताई, जरा वर बसवता येईल का? पुढचं नीट दिसत नाही." सगळ्यांना वाटे, आपणच बुटके. बायका हसत सांगत, पुरुष हळू आवाजात.

तिची पद्धत ठरलेली. गिऱ्हाइकाला सीटवर बसवायचं आणि त्याच्याखाली प्लायवूडची पातळ फळी सरकवायची. मग आणखी एक. मग आणखी एक. माणूस आपोआप "हं" म्हणतो, तिथे थांबायचं. फळ्यांची जाडी मोजून तेवढा कडक फोम कापायचा, भरायचा, वरून कव्हर ताणून शिवायचं. "हं म्हटल्याशिवाय मी सोडत नाही," ती म्हणे. "नवऱ्यालाही नव्हतं सोडलं."

तो नवरा लवकर गेला. मग ती वडिलांकडे राहायला आली. दुकानाच्या मागच्याच खोल्यांत ती, अप्पा आणि धाकटा भाऊ राहत. भाऊ बेकरीची व्हॅन चालवायचा. अप्पांनी जन्मभर फरशी बसवली. हात थांबले तरी सवय थांबली नाही. कुठेही गेले की उकिडवे बसायचे आणि बोटाच्या पेराने जमीन ठोकून बघायचे. भरीव वाजली तर मान डोलवायचे. पोकळ वाजली तर बसवणाऱ्याचा उद्धार. दवाखान्यात, बँकेत, एकदा तर चालत्या लिफ्टमध्ये. मुलीच्या सासरी पहिल्यांदा गेले तेव्हाही आधी फरशी ठोकली आणि मग खुर्चीवर बसले. टाचणीताईच्या सासूने ते मरेपर्यंत पोटात घातलं नाही.

औषधाच्या दुकानासमोर नवे ब्लॉक बसवले तेव्हा अप्पा बघायला गेले नसते तरच नवल. एक ब्लॉक डुगडुगत होता. त्याच्या मागे एक कपाट उभं होतं, रिकामं, बंद. अप्पा त्याच्या पुढ्यात उकिडवे बसले आणि ठोकू लागले. ठोकताना त्यांना दुसरं काही ऐकू येत नसे. कपाटाचा मालक औषधं घेऊन दुकानातून आला, मागच्या बाजूने वळसा घालून दार उघडलं, बसला, किल्ली फिरवली आणि निघाला.

अप्पांचा उजवा पाय मांडीपासून काढावा लागला.

मालक वाईट माणूस नव्हता. त्यानेच अप्पांना उचलून त्याच कपाटातून दवाखान्यात नेलं. बाकावर बसून रडला. टाचणीताईने त्याला पाणी दिलं. त्या पाण्याचा तिला पुढे इतका राग आला की तो पेला तिने परत घरात वापरला नाही.

कारण पोलिसांच्या चौकशीत त्याने सांगितलं, "मी सीटवर बसलो तेव्हा समोर कोणी नव्हतं. असतं तर दिसलं नसतं का? गाडी हलल्यावर आजोबा आडवे आले आणि खाली बसले." औषधवाल्याने भर घातली, "म्हातारा हल्ली गप्प गप्पच असायचा." चौकशीने निष्कर्ष काढला की वृद्ध इसम स्वतःहून चालत्या वाहनापुढे बसला.

बाजाराला तेवढं पुरलं. लोक समाचाराला येत, खुर्ची अप्पांच्या जवळ ओढत आणि आवाज उतरवून म्हणत, "अप्पा, असं करायचं नसतं हो. सोन्यासारखी मुलं आहेत तुमची."

"मी ब्लॉक बघत होतो," अप्पा म्हणत.

"हो, हो," लोक म्हणत आणि त्यांच्या हातावर थोपटत.

थोपटणाऱ्या त्या हातांनी अप्पांचं जे झालं ते पाय जाऊनही झालं नव्हतं. आधी ते दवाखान्यातसुद्धा गमती करत. "गुडघेदुखी निम्मी झाली," म्हणत. आता भिंतीकडे तोंड करून पडू लागले. एकदा लेक पाणी द्यायला गेली तेव्हा म्हणाले, "पाय गेला तो गेला. पण मी मरायला बसलो होतो, हे ऐकत मरायचं का गं?"

टाचणीताईने अप्पांच्या वतीने त्या निष्कर्षाविरुद्ध कोर्टात दाद मागितली. वकीलबाई तरुण होती, बारीक आवाजाची, पण हट्टी. सगळा वाद तिने एका वाक्यावर आणून ठेवला. असतं तर दिसलं असतं. दिसलं असतं की नसतं? न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "हे बोलून ठरणार नाही. तशीच गाडी आवारात आणा. मी स्वतः बसून बघते."

ज्या कपाटाने अप्पांना चिरडलं ते मालकाने केव्हाच मोडीत काढलं होतं. त्याला म्हणे त्याच्याकडे बघवत नव्हतं. मग दुसरं शोधायचं. आणि शोधायला निघाली तेव्हा टाचणीताईच्या ध्यानात आलं की कपाटं गेली. कधी गेली ते कळलंच नव्हतं. कुठे बोभाटा नाही, कुठे कोणी काही कबूल केलं नाही. कंपनीने बनवायचं थांबवलं. मालकांनी हळूच विकली आणि तीच माणसं लहान गाडीत बसून, मोठ्या गाड्या म्हणजे किती अडाणीपणा, असं एकमेकांना सांगू लागली. लाज वाटू लागली की वस्तू कशी साळसूदपणे नाहीशी होते! डाग धुतल्यासारखा रस्ता स्वच्छ. आता कोणी विचारलं, तर काय दाखवायचं?

ती भावाबरोबर भंगाराच्या आवारात गेली. तिथे दारं दारांवर रचलेली, काचा काचांवर, आणि एका कोपऱ्यात सीटांचा ढीग. त्यातल्या निम्म्या तिच्या हातच्या होत्या. तिची दुहेरी शिवण तिने लांबूनच ओळखली. वर मांजर व्यायलं होतं.

"एक आख्खी गाडी नाही?" तिने भंगारवाल्याला विचारलं.

"आख्खी कोण ठेवतो? आख्खीला गिऱ्हाईक नाही, तुकड्यांना आहे. थोडं आधी यायचं. हवं तर बॉनेट एकीचं, सीट दुसरीची, सांगाडा तिसरीचा, लावून देतो जोडून."

"आणि कोर्टात काय सांगू? तीन गाड्यांची खिचडी आहे म्हणून?"

"कोर्ट?" भंगारवाल्याने हात झटकले. "ताई, इथे सगळं मेलेलं येतं. साक्ष द्यायला जिवंत कोणी नाही."

भाऊ तिला दंडाला धरून बाहेर घेऊन आला. टाचण्या नव्हत्या तोंडात, नाहीतर गिळल्या असत्या.

शेवटी कपाट सापडलं ते गुरांच्या डॉक्टरीणबाईंकडे. साठी उलटलेल्या, बुटक्या, आवाज मात्र तिप्पट. गावाबाहेर राहत, मागच्या भागात कधी वासरू, कधी कुत्री, कधी औषधाचे डबे घालून हिंडत. टाचणीताईने त्यांच्या अंगणात पाऊल टाकलं आणि पत्र्याखालचं कपाट बघून ती मटकन ओट्यावर बसली. ज्या वस्तूचा द्वेष करण्यात वर्ष गेलं ती बघून आनंद व्हावा, याचाच तिला संताप आला.

"ने," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण सुनावणी झाली की लगेच आण. मोडीवाल्याला शब्द दिलाय. तो दारात येऊन बसतोय रोज, मयताच्या नातेवाइकासारखा."

टाचणीताईने दार उघडलं, ड्रायव्हरच्या सीटवर हात ठेवला आणि हात तसाच राहिला. "ही माझी उशी."

"तुझीच. विसरलीस? फळ्यांवर फळ्या घातल्यास, मी हं म्हणेना. तू म्हणालीस, डॉक्टरीणबाई, आता छताला डोकं लागेल."

घरी आल्यावर त्यांनी करून बघितलं. अप्पांना उकिडवं बसता येत नव्हतं. भावाने बुटकं स्टूल आणलं, उकिडव्या माणसाच्या उंचीचं, आणि कपाटापुढे अप्पांना त्यावर बसवलं. टाचणीताई आत चढली. बॉनेटच्या काठावर अप्पांची लोकरी टोपी दिसली. बोटभर. पण दिसली.

ती उतरली.

"दिसलो?" अप्पांनी विचारलं.

"टोपी."

"टोपी म्हणजे मीच की." अप्पांचा चेहरा पडला.

वकीलबाईने फोनवर सगळं ऐकून घेतलं. "हात लावू नका," ती म्हणाली. "मी कोर्टाला सांगेन, सीट वाढवलेली आहे, तुमच्यासमोर भर काढून बघा. कळलं ना ताई? जशी आहे तशी आणा."

"कळलं," टाचणीताई म्हणाली.

कळलं होतं. पण त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. समोरचा वकील भर काढू देईल? तो म्हणेल, आणली ती गाडी हीच, बघा बसून. न्यायाधीशबाई बसतील. टोपी दिसेल. माझ्या हातची उशी आणि तीच माझ्या बापाला खोटं पाडणार. लोक पुन्हा खुर्ची ओढतील, पुन्हा थोपटतील.

उजाडलं तशी ती चाकू घेऊन बाहेर आली. कव्हर उसवलं, फोमचा थर उपटला आणि भावाच्या व्हॅनमध्ये फेकला. सीट खाली बसली. कव्हर ढिलं पडलं, त्याला चुण्या आल्या. तिथे तिने थांबायला हवं होतं. चुणी दिसली असती तर कोणालाही कळलं असतं की इथे काहीतरी होतं आणि ते काढलंय. सरळ गोष्ट होती. पण ढिलं कव्हर म्हणजे तिच्या नजरेत पाप. हाताला राहवलं नाही. तिने चारी बाजूंनी कापड आत घेतलं, ताणलं, टाचलं आणि अशी बेमालूम शिवण घातली की कंपनीलाही जमली नसती. चांगलं काम झालं म्हणून घटकाभर तिला बरंही वाटलं.

कोर्टाच्या आवारात कपाट शिरलं तेव्हा शिपाई, कारकून, तारखेला आलेले लोक, सगळे गोळा झाले. "अरे, हे अजून आहे?" कोणीतरी म्हणालं. लोक फोनवर फोटो काढू लागले. अप्पा स्टुलावर बसले. मालक वकिलाच्या मागे उभा होता, खाली बघत.

समोरचा वकील गाडीभोवती फिरला. मग दार उघडून वाकला आणि शिवणीवरून बोट फिरवलं. "मॅडम, ही गाडी जुनी, कव्हर जुनं. धागा मात्र आजचा आहे."



"कोणी शिवलं?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

वकीलबाईने टाचणीताईकडे पाहिलं.

"मी," टाचणीताई म्हणाली. "आज पहाटे. उशी काढून."

"मॅडम, यापुढे बोलायची गरजच नाही," वकील म्हणाला. त्याचा आवाज एकदम मवाळ झाला होता. "वादीची स्वतःची मुलगी. रातोरात सीट खाली घेते आणि आम्हाला दाखवते की काही दिसत नाही."

"तुम्हाला याचा अर्थ समजतो?" न्यायाधीशबाई टाचणीताईला म्हणाल्या. त्या खरोखर चिडल्या होत्या. "मी बघायच्या वस्तूला तुम्ही हात लावलात. चोरून."

"चोरून नाही!" ती ओरडली. शिपाई पुढे झाला. "उशी मीच भरली होती, मीच काढली. कंपनीने दिली होती तशी केली. चोरून त्यांनी केलं! अशी गाडी बनवली, विकली, गुपचूप बंद केली. कोणी विचारलं त्यांना? हे म्हणतात असतं तर दिसलं असतं. अहो, जो तो माझ्याकडे यायचा आणि म्हणायचा पुढचं दिसत नाही. जो तो! सगळ्यांना माहीत होतं. आता कोर्टात उभं राहून एकालाही आठवत नाही!"

"ताई, पुरे," भाऊ म्हणाला.

"पुरे कशाला?"

"उशी कुठे आहे?" न्यायाधीशबाईंनी मध्येच विचारलं.

"व्हॅनमध्ये," भाऊ म्हणाला. "पावांच्या खाली."

"आणा. जशी होती तशी करा. माझ्यासमोर."

टाचणीताईने भर आवारात, सगळ्यांच्या देखत, पहाटेची शिवण उसवली. फोम आत घातला, कव्हर ओढून बसवलं. न्यायाधीशबाई पदर सावरत पायरीवर चढल्या, सीटवर बसल्या, समोर पाहिलं.

"टोपी दिसते," त्या म्हणाल्या.

"झालं तर मग," समोरचा वकील म्हणाला. मालकाने मान वर केली. टाचणीताईने डोळे मिटून घेतले. स्टुलावर अप्पा ताठ बसले होते, फोटो काढून घेताना बसतात तसे.

"गाडीची मालकीण कोण?" न्यायाधीशबाईंनी वरूनच विचारलं.

"मी," डॉक्टरीणबाई पुढे झाल्या.

"ही भर तुम्ही का घालून घेतलीत?"

"बुटक्या आहेत म्हणून, उघड आहे," वकील म्हणाला. थोडा हशा पिकला.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "नाही. बुटकी मी जन्मापासून आहे. हिच्याकडे गेले ते वासराच्या दुसऱ्या दिवशी." त्या थांबल्या. त्यांचा तो तिप्पट आवाज कुठे गेला कोण जाणे. "माझ्याकडे एक वासरू आणलं होतं, औषधपाण्याला. बरं केलं मी त्याला. सकाळी सुटून अंगणात आलं असेल. मी गाडीत बसले, समोर बघितलं, काही नव्हतं. निघाले. ते बॉनेटसमोर उभं होतं, मॅडम. बसलेलं नाही, उभं. त्याच्या मालकिणीला मी सांगितलं, आजाराने गेलं. आजतागायत तिला तेच माहीत आहे. या टाचणीलाही मी म्हटलं, बुटकी आहे ना मी, वर बसव."

टाचणीताई त्यांच्याकडे बघतच राहिली.

न्यायाधीशबाईंनी स्टिअरिंगवरचा हात काढला. मग त्यांनी मालकाला जवळ बोलावलं. "तुमच्या गाडीत अशी भर होती?"

त्याने वकिलाकडे पाहिलं. वकील काही बोलणार तेवढ्यात तो म्हणाला, "नाही."

"नक्की?"

"कंपनीचीच सीट होती."

"ही भर काढा," न्यायाधीशबाई खाली उतरून म्हणाल्या. "आणि शिवू नका."

उशी निघाली. चुण्या पडलेल्या सीटवर त्या पुन्हा बसल्या. पुढे झुकल्या. मान लांब केली. डावीकडे, उजवीकडे.

"अप्पा," त्यांनी हाक मारली, "आहात ना तिथे?"

"आहे की," बॉनेटच्या पलीकडून आवाज आला. "एका पायाने जाणार कुठे?"



निकालात ते वाक्य खोडलं. वृद्ध इसम स्वतःहून वाहनापुढे बसला हे सिद्ध होत नाही. तो आधीपासून तिथे असला तरी चालकाला दिसला नसता. वकीलबाईने हे दोनदा वाचून दाखवलं, कारण अप्पांनी पहिल्यांदा ऐकूनही, "म्हणजे मी ब्लॉकच बघत होतो ना?" असं विचारलं. चालकाला दोष मात्र नव्हता. गाडी त्या वेळच्या नियमात बसत होती. कंपनीविषयी एक शब्द नव्हता. ते मॉडेल आता कोणी बनवतच नाही, मग विचारायचं कोणाला.

बाहेर फाटकापाशी मालक अप्पांसमोर येऊन उभा राहिला. हात जोडले. "मला खरंच दिसलं नाही हो."

अप्पा काही म्हणायच्या आत टाचणीताई मध्ये आली. "मग तेव्हा म्हणायचं ना!"

"अहो..."

"दिसलं नाही, एवढं म्हटलं असतं तर पुरलं असतं. त्याच दिवशी पुरलं असतं! दिसलं असतं असं का म्हणालात? काय वाकडं केलं होतं माझ्या बापाने तुमचं?"

मालक ओठ चावत राहिला. "घाबरलो," तो म्हणाला. "दिसत नाही म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते, मग चालवत कशाला होतास? रोज चालवत होतो मी. पोरांना शाळेत सोडायला जायचो त्यातून. शाळेच्या दारात."

तिला त्याच्या कानाखाली मारावीशी वाटली. आणि त्याच्या पोरांविषयी विचारावंसं वाटलं. तिने दोन्ही केलं नाही. तो गेला. जाताना आपल्या लहान गाडीत बसला आणि पुढचं सगळं स्वच्छ दिसत असूनही कितीतरी वेळ निघाला नाही.

एवढ्यात मोडीवाल्याचा ट्रक आला. मोडीवाला साखळी घेऊन उतरला. "झालं का कोर्ट? उचलू का, डॉक्टरीणबाई?"

"उचल," त्या थकून म्हणाल्या.

"सुटलो एकदाचे," भाऊ म्हणाला. "संपलं."

"कुठे संपलं?" टाचणीताई म्हणाली. "हे गेलं की पुढच्याने काय दाखवायचं?"

"कोण पुढचा?"

"आपलाच बाप एकटा बसला होता का रस्त्यात? इतकी कपाटं होती. कोणाचं पोर, कोणाची आई. सगळ्यांना असंच सांगितलं असेल, स्वतःहून आले म्हणून. तेही शोधत असतील." ती ट्रक आणि कपाट यांच्या मधे जाऊन उभी राहिली. "डॉक्टरीणबाई, देऊ नका."

"अगं, मग ठेवू कुठे? डोक्यावर?"

"माझ्या दुकानासमोर."

मोडीवाल्याने साखळी जमिनीवर टाकली. "बाजूला व्हा, ताई. याचे दिवे मी आधीच विकलेत."

"मग दिवे काढून घे. मला चालवायची नाही."

"इंजिनचाही सौदा झालाय."

"तेही घे. बॉनेट आणि सीट ठेव. मधलं काही हलवायचं नाही. इंचभरसुद्धा."

"बाईचं डोकं फिरलं," मोडीवाला भावाला म्हणाला. "तुम्ही तरी सांगा."

भावाने कपाळाला हात लावला. "ताई, जरा विचार कर. हे धूड तिथे उभं केलंस तर तुझं दुकान रस्त्यावरून कोणाला दिसणार तरी आहे का?"

"नाही दिसणार," ती म्हणाली. "विचारू देत लोकांना, याच्यामागे काय आहे म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी किल्ली मोडीवाल्याच्या देखत तिच्या हातात दिली, आणि मोडीवाला पुन्हा ओरडायला लागला.